मे महिन्यातल्या बाळंतिणीची खोली

७ जानेवारी २०२४, रविवार

डॉक्टरांनी तारीख १५ मे दिली आहे. अकोल्यातला १५ मे कसा असतो हे इथल्या कोणाला सांगायला नको. पारा ४४-४५, रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम, आणि आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी. त्या दिवसांत आमच्या घरी पहिलं लेकरू येणार. हातात चार महिने आहेत, म्हणून आज वही घेऊन काम मांडलं.

घर एकमजली, वर उघडा स्लॅब. बाळंतिणीसाठी दोन खोल्यांचा विचार होता. पश्चिमेची मोठी आहे, पण दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्या भिंतीवर येतं. पूर्वेची दहा बाय बारा, खिडकीबाहेर कडुनिंब. तिथे सध्या गव्हाच्या आणि तुरीच्या कोठ्या आहेत, त्या पश्चिमेला जातील. पूर्वेची ठरली.

मोजमाप असं ठरवलं: मे महिन्यात या खोलीचा पारा दिवसा-रात्री केव्हाही ३० च्या वर जाऊ द्यायचा नाही. नवजात बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. तान्ह्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पांघरूण स्वतः काढता येत नाही, पाणी मागता येत नाही. दवाखान्यात प्रसूतीची खोली २५ ते २८ ला ठेवतात. घरात ३० जमलं तरी मी समाधानी.

हिने शाळेतली एक शंभरपानी वही दिली. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पानांवर पट्टीने रकाने आखले: सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. थर्मामीटर भिंतीवर लागला.

१६ जानेवारी

काल संक्रांतीला सासूबाई आल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत दोन्ही घरांना मान्य आहे, आणि हिचंही मन माहेराकडे ओढ घेतं. पण हिचं माहेर खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारट, घर टिनाचं, दवाखाना लांब. मे महिन्यात दुपारी टिनाखाली मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो.

मी हा विषय कसा काढायचा याच विचारात होतो, तर जेवताना सासूबाईंनीच काढला. म्हणाल्या, "जावईबापू, जिथं थंडावा भेटन तिथंच ठेवा तिले. मी येतो नं इकडं. सव्वा महिना राहतो." हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी आई लगेच म्हणाली, "या हो विहीणबाई, दोघी मिळून करू."

एवढा मोठा प्रश्न दोन आयांनी ताटावर बसून सोडवला. आता खोलीत बाळ-बाळंतीण आणि रात्री सोबतीला एक जण, असं तीन माणसांचं गणित.

२८ जानेवारी, रविवार

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आशाताईंनी माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घेतलं आणि लाल गोळ्या रोज न चुकता घ्यायला सांगितल्या. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, सोबत फॉलिक अॅसिड. पोटात मळमळतं म्हणून ही कधी दुपारी, कधी रात्री घेत होती, आणि वरून चहा. चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतली तर लोहाला अडवते.

आता वेळा बांधल्या. लाल गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्यासोबत. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणासोबत. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर. गोळी देणं माझ्याकडे. दुकान बंद करून आलो की पहिलं काम हेच. आईने लोखंडी कढई माळ्यावरून काढली. भाज्या आता तिच्यात होतात, अंबाडी-चुक्याची आंबट भाजी तेवढी स्टीलच्या पातेल्यात, कारण लोखंडात तिला धातूची चव येते आणि हिला ती सोसत नाही.

हळिवाचे लाडू करू का, असं मी विचारलं. दोघी आया एका सुरात नाही म्हणाल्या. हळीव बाळंतपणानंतर. तोवर राजगिरा, खजूर, शेंगदाणा-गूळ.

१८ फेब्रुवारी, रविवार

सातवा लागला. डोहाळे जेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, अंगणात शेजारच्या बाया, आणि आईच्या हातचे रोडगे. एका मावशीने हिला बाजूला घेऊन विचारलंच, "सोनोग्राफीत काही सांगतलं का?" ही शांतपणे म्हणाली, "सांगितलं ना मावशी, हातपाय, हृदय, मणका, सगळं नीट आहे." मला तिचा फार अभिमान वाटला.

साखरेची तपासणीही या आठवड्यात झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० च्या आत हवी, ११८ आली.

३ मार्च, रविवार

आज अर्थिंग, म्हणजे बॉडीत उतरलेल्या करंटला जमिनीत जायची वाट. बाकी कामं मागेपुढे झाली तरी चालतील, हे नाही.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मार्चपासून जूनपर्यंत समोर कूलरच्या मोटारींचा ढीग असतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी पाय, आणि वायर कुठेतरी सोललेली. कित्येकदा चालू कूलरमध्ये पाणी भरताना हे घडतं. त्यात लेकरंही असतात. अशी घरं मी पाहिली आहेत. माझ्या घरात बाळाच्या खिडकीला कूलर लागणार असेल तर आधी ही बाजू पक्की हवी.

काय केलं ते लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल. जुना अर्थिंगचा पाइप टेस्टरने तपासला तर १४ ओहम; हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. कारण आपली काळी माती. पावसाळ्यात चिखल, पण मार्चपासून भेगा पडतात, माती पाइपाला सोडते आणि ऐन उन्हाळ्यात अर्थिंग मरतं. नवा खड्डा केला, त्यात जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला फनेल. माती ओली करून पुन्हा मोजलं, ३.५. आता आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी त्या फनेलात. उन्हाळ्यात तर नक्की.

मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. बॉडीत करंट उतरला की हा क्षणात लाइन तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. या खोलीसाठी पत्र्याचा कूलर नको, फायबर बॉडीचा घेतला. आणि नियम भिंतीवर लावला: पिन काढल्याशिवाय टाकीत पाणी नाही. हिने तो मोठ्या वळणदार अक्षरात लिहिला.

१७ मार्च, रविवार

स्लॅबला चुना. कळीचा चुना आदल्या रात्री ड्रममध्ये विझवला. पाण्यात पडला की उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो, म्हणून गॉगल आणि लांब काठी. ही त्या रात्री आणि आज दिवसभर शेजाऱ्यांच्या घरी होती, चुन्याची भुकटी तिच्या नाकात जायला नको. सकाळी १० किलो चुन्यात २ किलो पांढरं सिमेंट आणि १ लिटर फेव्हिकॉल घालून गाळलं. फेव्हिकॉल नसेल तर पायाला लागून निघून येतो. आधी स्लॅब झाडून धुतला, भेगा भरल्या. पहिला हात उत्तर-दक्षिण, वाळल्यावर दुसरा पूर्व-पश्चिम. संध्याकाळी हलकं पाणी मारलं.

ही वाचत असते. तिने अहमदाबादचं सांगितलं. तिथे २०१० च्या मे महिन्यात उष्णतेची भयंकर लाट आली होती. तिथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता, आणि नवजात बाळं उष्णतेने आजारी पडून भरती होत होती. वॉर्ड खालच्या मजल्यावर नेला तशी ती संख्या उतरली. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि नंतर वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं कामही घेतलं. आमच्याकडे खालचा मजला नाही. आहे तेच छत गार करायचं.

२७ मार्च

धुळवडीनंतर ऊन चढलं. दुकानातली तापमान मोजायची बंदूक घरी आणली आणि दुपारी दोनला छतावर गेलो. शेजारच्या साध्या स्लॅबवर ५७. आमच्या पांढऱ्यावर ४३. हवा ३९.

मन भरून आलं, पण वहीतल्या रकान्यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. खोलीचा सगळ्यात वरचा पारा दुपारी नसतो, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान असतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. दुपारी कूलर लावून भागेल, पण रात्री बाळ-बाळंतीण त्याच स्लॅबखाली निजणार. चुन्याने फरक पडला, तरी रात्री नऊला ३३.

म्हणजे ऊन स्लॅबवर पडूच द्यायचं नाही. सासऱ्यांनी तुराट्यांची गाडी पाठवतो म्हटलं, छतावर मांडव घालायला. सावली सगळ्यात चांगली त्याचीच. पण एप्रिल-मे लग्नसराईचे. वरातीतला एक फटाका वाळल्या तुराट्यांवर पडला तर काय होईल? नको. बांबूवर हिरवी जाळी घालू, स्लॅबपासून तीन फूट उंच, म्हणजे मधून वारा खेळेल. तुराट्या चुलीला घेतल्या.

३१ मार्च, रविवार

(आजची नोंद माझी. हे जाळी बांधायला छतावर आहेत.)

आठवा चालू आहे. सकाळच्या शाळेमुळे बरं पडतं, अकराच्या आत घरी येते. चौथीच्या पोरींना सगळं कळतं. एकीने विचारलं, "मॅडम, बाळाला पोटात गरमी होते का?" मी सांगितलं की बाळाचं पाणी थंड ठेवायचं तर मॅडमने पाणी प्यायला हवं. तेव्हापासून दर तासाला कोणीतरी माझी बाटली पुढे करतं. सांगितलं ते खरंच आहे. उष्णतेच्या लाटेत दिवस भरायच्या आधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो, आणि अंगातलं पाणी कमी झालं की पोट आवळून येतं. ताक, लिंबूपाणी, कैरीचं पन्हं, साधं पाणी. लघवीचा रंग पिवळाजर्द दिसला की मी अजून दोन पेले घेते.

बाळ रात्री नऊनंतर जागं होतं. जेवून डाव्या कुशीवर झाले की मोजते. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, डॉक्टर म्हणतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासातच होतात. कधी उचकी लागते, बारीक, एका लयीत. हे हात ठेवून बसतात आणि श्वास रोखून धरतात.

मला माहेरची आठवण येते. आमच्या अंगणातल्या चिंचेची, आईच्या हातच्या शेवभाजीची. पण आई इथे येणार आहे, आणि हे रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहितात तेव्हा मला वाटतं की माझं बाळ येण्याआधीच त्याची वाट पाहणारं घर झालं आहे. इथे राहायचं ठरवलं ते मनापासून ठरवलं.

हिमोग्लोबिन १०.६.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारली आणि कूलर खिडकीला लागला. दुपारी आभाळ आलं, चार थेंब पडले, पण जाळीने वारा सोसला.

कूलरबद्दल नीट लिहितो, कारण गिऱ्हाइकांना मी हेच रोज सांगतो. कूलर खोलीच्या आत ठेवायचा नसतो. बाहेर खिडकीत, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. आणि समोरचं दार किंवा झरोका उघडा हवा, आत आलेल्या हवेला जायला वाट हवी. दारं लावून कूलर चालवला की खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि माणूस म्हणतो मोटार खराब आहे. मोटार चांगली असते, हवा कोंडलेली असते.

आपल्याकडचा मे कोरडा. हवेत ओल जितकी कमी तितकं पाणी लवकर उडतं आणि तितका गारवा जास्त. बाहेर ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या ताट्यांमधून २७-२८ ची हवा येते. तीच हवा जूनमध्ये ढग आले की मिळणार नाही. लाकडाच्या भुश्याच्या ताट्या काढून वाळ्याच्या लावल्या. बोअरचं पाणी टाकत नाही, क्षार बसून ताट्या दगड होतात. नळाचं, काटेपूर्णा धरणाचंच पाणी.

एसी का नाही, असं मेहुण्याने विचारलं. एसी २७ वर ठेवला तर बाळाला तोही चालतो, त्यात वाईट काही नाही. पण मे महिन्यात लाइन जाते, आणि आमच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. कूलर आणि पंखा मिळून २४० वॉट. १५० एएचच्या बॅटरीवर पाच तास निघतात. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचाच हवा, नाहीतर कूलरची मोटार गुरगुरते आणि तापते.

पाण्याचा हिशेब: कडक उन्हात तासाला ८ ते १० लिटर. दिवसाचे सोळा तास धरले तर दीडशे लिटर, पाच दिवसांचे साडेसातशे. ५०० लिटरची एक टाकी आणखी घेतली. नळाच्या दिवशी कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून ब्रशने घासायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती टाकीच्या कडेला चिकटून राहतात. आठवड्याच्या आत घासली की डास तयार होत नाही. बाजेवर मच्छरदाणी आहेच.

हो, बाज. फोमची गादी त्या खोलीतून काढली. फोम अंगाची गरमी धरून ठेवतो. आजीची बाज सुताने नवी विणून घेतली, वर पातळ कापसाची गादी. खालून वारा लागतो.

२१ एप्रिल, रविवार

आज आईशी बोलणं झालं. आईचा विरोध मनातला होता आणि तो काळजीचा होता, त्यामुळे मी घाई केली नव्हती.

"काऊन रे, बाळंतिणीच्या खोलीत कूलर? लेकराले वारं लागन. कान बांधा लागते, शेगडी लागते, ओव्याची धुरी लागते. तुह्या वेळेले मी सव्वा महिना शेगडीजवळून हटली नाही."

मी विचारलं, "आई, मी कोणत्या महिन्यातला?"

"पौषातला. काय थंडी होती बाप्पा! रात्री गोधडीत हात गारठे." आणि बोलता बोलता ती थांबली. काही वेळाने म्हणाली, "ते थंडीचं होतं नं मग."

तिला कोणी शिकवलं नाही, तिचं तिलाच उमगलं. मग आम्ही यादी केली. शेगडी नाही. बंद खोलीत कोळशाची धुरी तर अजिबात नाही, तो धूर तान्ह्याच्या फुप्फुसांत जातो. ओव्याची पुरचुंडी उशाशी राहील. बाळंतिणीला तेल लावून कोमट पाण्याची आंघोळ राहील, पण पहाटे, ऊन चढायच्या आत. डिंकाचे लाडू राहतील. बाळाला कान बांधायचे ते अंग पुसताना आणि पहाटेच्या गारव्यात, दुपारी टोपडं नाही. कूलरची जाळी वरच्या बाजूला वळवलेली, हवेचा झोत बाजेवर थेट येणार नाही. आईने बाजेवर आडवं होऊन स्वतः पाहिलं, वारं लागतं का. नाही लागत, म्हणाली.

२६ एप्रिल

मतदान. सकाळी सातला जाऊन आलो, रांगेतल्यांनी हिला पुढे पाठवलं. ३७ आठवडे पूर्ण. हिमोग्लोबिन ११.१!

५ मे, रविवार

सगळं एकदा चालवून पाहिलं. बाहेर ४२, खोली दुपारी २९, रात्री नऊला ३०. जाळी लागल्यापासून रात्रीचा आकडा खाली आला आहे, त्यावर माझा सगळा भर होता.

पिशवी भरली: कार्ड, रिपोर्ट, आधार, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, सुती झबली, हिच्यासाठी समोरून उघडणारे गाऊन. सिंथेटिक काही नाही. गल्लीतल्या रिक्षावाल्या काकांनी रात्री केव्हाही फोन कर म्हटलं आहे, आणि १०२ चा नंबर दाराच्या मागे चिकटवला. जायचं जिल्हा स्त्री रुग्णालयात, जुनी माणसं अजून लेडी हार्डिंग म्हणतात तिथे. सासूबाई कालच आल्या.

दुकान आता पहाटे साडेपाचला उघडतो आणि अकराला घरी येतो. सीझनचे दिवस आहेत, पण पोऱ्या तयार झाला आहे, दुपारचं तो पाहतो.

१२ मे, रविवार

पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी मुलगी झाली. २ किलो ७५० ग्रॅम. दोघी सुखरूप.

पहिल्या तासातच अंगाशी घेऊन पाजलं. बीसीजी, पोलिओचा थेंब आणि काविळीची लस आजच झाली. बाकी काय लिहू? तिने माझं बोट धरलं होतं.

१५ मे

घरी आलो. ठरलेली तारीख आजचीच होती. खोली २९. अंग ३६.८.

आशाताई भेट देऊन गेल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. बाळाचं वजन, ताप, बेंबी पाहतात. त्यांनी खोली पाहिली आणि म्हणाल्या, माझ्या दुसऱ्या घरी पण येऊन सांगा.

१९ मे, रविवार

आज सासूबाईंना राहवलं नाही. बाहेर ४३, लेकरू रडतंय, ओठ कोरडे दिसतात, एक चमचा उकळलेलं पाणी दिलं तर काय होतं? त्यांच्या जागी कोणाचाही जीव असाच तुटला असता.

ही बाजेवरून म्हणाली, "आई, माझ्या दुधात पाणीच असतं बहुतेक. शंभरातलं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणी." सहा महिने वरचं पाणी नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, दूध कमी ओढलं की दूध कमी येतं. शिवाय जंतूंची भीती. घुटी आणि मधाचं बोट यांनाही आम्ही नाही म्हटलं. तहान लागली तर लवकर लवकर पाजायचं आणि आईने पाणी प्यायचं.

पण नुसतं सांगून काळजी जात नाही, म्हणून हिने वहीत नवा रकाना आखला: शू. दिवसात सहा-सात लंगोट ओले झाले तर पाणी पुरतंय. संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः मोजले. आठ. आता त्याच रकाना भरतात, माझ्या हातात पेन येऊ देत नाहीत.

२३ मे

बुद्धपौर्णिमा आणि बारसं. घरातल्या घरात, संध्याकाळी सातनंतर, पाहुणे मोजके. बाळाच्या खोलीत एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नाहीत, हा नियम आईने दारात उभं राहून पाळला. नाव सगळ्यांना आवडलं.

२६ मे, रविवार

ज्यासाठी जानेवारीपासून खपलो ते दिवस हेच. पारा ४५ च्या वर गेला आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत १४४ कलम लावलं, कामावरच्या माणसांना पाणी आणि सावली द्यायची सक्ती केली. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही.

काल रात्री पावणेअकराला लाइन गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता, पहाटे सव्वातीनला आली. गल्लीतली माणसं अंगणात, छतावर, ओट्यावर. आमची खोली इन्व्हर्टरवर. मी दर अर्ध्या तासाने थर्मामीटर पाहत होतो: २९, २९.५, ३०, ३०. दोन वाजता बॅटरी निम्म्यावर येताच पंखा बंद करून फक्त कूलर ठेवला. बाळाची छाती आणि पाठ हाताने पाहिली, गरम नाही. हाता-पायांवरून ताप ओळखता येत नाही, छाती-पाठच पाहायची. काखेत मोजलं, ३७.१. ती त्या साडेचार तासांत दोनदा उठली, प्याली, निजली.

शेजारच्या घरी आठ महिन्यांचं लेकरू आहे. त्याच्या आईला आत बोलावलं, ती त्याला घेऊन पश्चिमेच्या खोलीच्या दाराशी, कूलरची हवा बाहेर पडते त्या वाटेवर निजली. ती हवाही ३१ ची होती.

सकाळी पहिल्यांदा अर्थिंगच्या फनेलात पाणी ओतलं, मग चहा घेतला.

९ जून, रविवार

अठ्ठाविसावा दिवस. वजन ३ किलो ४५०. आशाताईंनी कार्डावर लिहिलं.

हवा बदलली. दोन दिवसांपासून आर्द्रता चढली आहे, कूलरने आता फक्त ओल येते. पंप बंद, नुसता पंखा. वादळाच्या आत जाळी उतरवली, बांबू सोडले, दोरी गुंडाळून ठेवली. जाळी शेजारच्यांनी पुढच्या वर्षासाठी मागितली, त्यांना मी आमच्याइतकीच नवी आणून बांधून देणार आहे. चुना पावसात निम्मा जाईल, मार्चमध्ये पुन्हा.

बाकी कामं: कूलरची टाकी कोरडी करून उलटी ठेवणे. ताट्या वाळवून कागदात गुंडाळणे. आरसीसीबीचं बटण दाबून पाहणे. २३ जूनला सहा आठवडे पूर्ण होतात, तेव्हाची लस. सासूबाई त्यानंतर जातील, आणि त्यांच्यासोबत आम्ही तिघंही चार दिवस हिच्या माहेरी. तोवर पाऊस लागलेला असेल.